पुण्यात इमारतीचा नकाशा मंजूर कसा होतो: नवख्या जागामालकांसाठी आणि सोसायटीच्या कमिटीसाठी

‘नकाशा मंजुरीला गेला’ असे ऐकले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खोल्यांची मांडणी येते. हॉल केवढा, बाल्कनी कुठल्या बाजूला, देवघराला जागा उरते की नाही, यावर घरोघरी चर्चा होते. महापालिकेच्या बांधकाम विकास विभागात मात्र सर्वांत बारकाईने तपासला जातो तो भूखंडाचा नकाशा, म्हणजे जागेची हद्द, समोरचा रस्ता, चारही बाजूंची मोकळी अंतरे, वाहनतळ आणि आग लागल्यास बंब आत येण्याची वाट दाखवणारा तक्ता. प्रस्ताव अडतात ते बहुधा याच तक्त्यावर, आणि इमारत उभी राहिल्यावर सोसायटीत होणाऱ्या भांडणांचे मूळही पुष्कळदा येथेच सापडते.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. ही इमारत येथे शोभते का, शेजाऱ्यांना आवडेल का, वाहतुकीला आणखी भार सोसवेल का, असे प्रश्न एकेका नकाशाच्या छाननीत सहसा विचारले जात नाहीत. शहरातील कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारी मंजूर विकास योजना आणि बांधकामाची नियमावली यांना प्रस्ताव धरून आहे की नाही, एवढेच तेथे पाहतात. नागरिकांना हरकत घेण्याची कायदेशीर संधी मिळते ती विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २८ प्रमाणे त्या वेळी हरकती व सूचना मागवून सुनावणी घेतली जाते. शेजारच्या प्लॉटवर पत्रे लागल्यावर पालिकेत धाव घेणारा माणूस त्यामुळे बऱ्याचदा काही वर्षे उशिरा पोहोचलेला असतो.

पहिली पायरी: अर्ज कोणाकडे करायचा

पत्त्यात पुणे असले, म्हणून परवानगी पुणे महापालिकाच देईल असे नाही. पुणे आणि खडकी कटक मंडळांच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या) हद्दीत त्या मंडळांकडे जावे लागते, पिंपरी-चिंचवडची महापालिका स्वतंत्र आहे, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी आपल्या नियमांनी परवानगी देते, आणि शहराबाहेरच्या मोठ्या पट्ट्यात पीएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. अलीकडच्या काळात हद्दीत आलेल्या गावांमधील जागा असेल, तर आज परवानगीचा अधिकार कोणाकडे आहे याची खात्री करूनच पुढचा खर्च करावा.

नियमांच्या बाबतीत राज्याने बरेचसे सोपे केले आहे. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला लागू आहे. आर्किटेक्ट मंडळी तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबईचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे दादरच्या मेहुण्याने सांगितलेला एफएसआयचा, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते त्या प्रमाणाचा, हिशेब कोथरूडला चालणार नाही. यूडीसीपीआरमध्ये वेळोवेळी दुरुस्त्याही होत असतात, म्हणून जुनी छापील प्रत हाताशी ठेवून निर्णय घेऊ नयेत.

लहान भूखंडांना या नियमावलीने सवलत दिली आहे. काही अटींवर १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजली जाते, आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. या सवलतीत छाननी हलकी होते, नियम मात्र सुटत नाहीत. मोकळे अंतर खाऊन घर बांधले, तर पावती हातात असूनही ते बांधकाम अनधिकृत ठरते.

दुसरी पायरी: जमीन कागदावर किती आणि जागेवर किती

सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख खात्याने केलेली मोजणी आणि प्रत्यक्ष जागेवरची वहिवाट या तीन ठिकाणी क्षेत्रफळ तंतोतंत जुळणे ही पुण्यात दुर्मीळ बाब आहे. नकाशासोबत द्याव्या लागणाऱ्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात तिन्ही आकडे लिहावे लागतात आणि त्यांतील सर्वांत कमी आकडा हिशेबाला धरला जातो. त्यामुळे खरेदीखतावर १००० चौरस मीटर असलेली जागा मोजणीत ९६० भरली, तर बांधकामाचा सारा हिशेब ९६० वर होतो. वरचे ४० चौरस मीटर मागे शेजाऱ्याने कुंपण सरकवून घेतले असतील, तर तो वाद पालिका सोडवत नाही. मोजणीचा अर्ज सर्वांत आधी करावा असे म्हणतात ते याचसाठी. आर्किटेक्टने रेखाटने पूर्ण केल्यावर मोजणी आली, की सगळे काम पुन्हा करावे लागते.

जुन्या सोसायटीच्या कमिटीला येथेच वेगळी अडचण भेटते. इमारत ४० वर्षे उभी आहे, पण जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, हे पुनर्विकासाचा विषय निघेपर्यंत कोणाच्याही लक्षात आलेले नसते. अशा वेळी अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेणे), आणि मालक सहकार्य करत नसल्यास शासकीय आदेशाने होणारे मानीव अभिहस्तांतरण, हे काम नकाशाच्या आधीचे आहे. पालिकेची परवानगी मालकी सिद्ध करत नाही. मालकीचा वाद उद्भवल्यास जबाबदारी अर्जदाराची, अशी अट परवानगीपत्रातच असते.

अकृषिक (एनए) परवानगीबद्दल जुन्या पिढीच्या मनात धास्ती असते. विकास योजनेत निवासी किंवा तत्सम वापर दाखवलेल्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेनुसार आता वेगळी एनए परवानगी लागत नाही. जमिनीच्या धारणा प्रकारानुसार देय रकमा मात्र भराव्या लागतात. जमीन वतनाची, इनामाची किंवा नवीन शर्तीची असल्यास मात्र आधी महसूल खात्याकडे जावेच लागते.

तिसरी पायरी: विकास योजना त्या जागेबद्दल काय म्हणते

जुन्या हद्दीच्या विकास योजनेला राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन पालिकेकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा अभिप्राय घ्यावा. जागा खरेदी करण्याच्या विचारात असाल, तर हा कागद विसार देण्यापूर्वी घ्या. तो मिळवायला लागणारा खर्च जमिनीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

अभिप्रायात चार गोष्टी शोधाव्यात. जागा कोणत्या विभागात येते, तिच्यावर शाळा, उद्यान यांसारखे आरक्षण आहे का, विकास योजनेतील रस्ता किंवा रस्तारुंदी तिच्यातून जाते का, आणि नदी, टेकडी किंवा संरक्षित स्मारकाचे निर्बंध लागतात का. रस्तारुंदीत गेलेली जागा ताब्यात देऊन तिच्या बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर (दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. म्हणून ती बुडाली असे समजू नये. तथापि इमारत बसवायला उरलेली जागा लहान होते आणि मिळालेला एफएसआय वापरायचा कुठे, असा पेच पडतो. रस्त्याची आखणी जागेवर खुणा करून घ्यावी, नकाशावरील रेषेवर विसंबू नये.

पुण्यात नदीचा मुद्दा वरवर घेण्यासारखा नाही. पूररेषा दोन असतात: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध असून तेथे नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान बांधता येते, पण जोत्याची (पायावरच्या चौथऱ्याची) पातळी लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर घ्यावी लागते. परवानगी मिळते म्हणजे पाणी येणार नाही, असा अर्थ कोणी काढू नये. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर धरण फुटल्याचा होता, म्हणून तो बाजूला ठेवला, तरी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत जे झाले, त्यासाठी कोणतेही धरण फुटावे लागले नव्हते. अशा पट्ट्यात घर घेणाऱ्याने मंजूर नकाशावर पूररेषा आणि जोत्याची पातळी लिहिली आहे का, हे स्वतः पाहावे.

टेकड्यांवर १:५ पेक्षा तीव्र उताराला बांधकाम करता येत नाही, आणि १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. पेठांमध्ये शनिवारवाड्याचा परिघ लक्षात ठेवावा. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची संमती लागते. पाताळेश्वर लेणी आणि आगाखान पॅलेसच्या परिसरालाही हाच नियम लागू होतो.

चौथी पायरी: रस्ता मोजा, मग स्वप्ने मोजा

किती बांधता येईल हे भूखंडाच्या क्षेत्रफळाइतकेच समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर पुण्यात मूळ एफएसआय १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल, तर बहुधा तेवढ्यावरच थांबावे लागते. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून ०.५० आणि टीडीआर विकत घेऊन ०.४० मिळून एकूण २.०० पर्यंत जाता येते. १२ ते १५ मीटरच्या रस्त्यावर ही मर्यादा २.२५ होते आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर ३.०० पर्यंत पोहोचते. याखेरीज निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य भरून घेता येतो. जिना, लिफ्ट, बाल्कनी यांचे क्षेत्र पूर्वी हिशेबाबाहेर ठेवले जाई. आता ते या पूरक एफएसआयमधून भागवायचे असते.

हजार चौरस मीटरची जागा धरली, तर अरुंद गल्लीत पूरक एफएसआयसह १,७६० चौरस मीटर, ९ मीटरच्या रस्त्यावर ३,२०० आणि १२ मीटरच्या रस्त्यावर ३,६०० चौरस मीटर इतका कागदावरचा फरक पडतो. सहा मीटरचे अंतर्गत रस्ते नऊ मीटर करण्यावरून पुण्यात जो वाद झाला, त्याचे मर्म या आकड्यांत आहे. मात्र ही कमाल मर्यादा आहे. बाजूची अंतरे, उंचीचे निर्बंध आणि वाहनतळ यांतून प्रत्यक्षात किती बसते हे पुढच्या पायरीवर कळते. पुनर्विकासाच्या बैठकीत एखादा विकसक एफएसआयचा मोठा आकडा सांगून जास्त चटईक्षेत्र देऊ करतो, तेव्हा त्याच्याकडे तो आकडा मागू नये. भूखंडावर इमारत बसवून दाखवलेला तक्ता मागावा.

पाचवी पायरी: भूखंडाचा तक्ता वाचायला शिका

एक हेक्टरपर्यंतच्या जागेचा हा नकाशा १:५०० प्रमाणात काढतात, इमारतीचे मजले १:१०० मध्ये. रंगांना ठरलेले अर्थ आहेत: भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेत, अस्तित्वातील रस्ता हिरव्या आणि भावी रस्ता हिरव्या तुटक रेषेत, नवे बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांत, सांडपाण्याच्या वाहिन्या लाल तुटक रेषेत. हे एवढे ठाऊक असले, तरी सामान्य माणसाला अर्धा नकाशा वाचता येतो. आता रेखाटने ठरावीक स्तरांत काढून संगणक प्रणालीवर चढवावी लागतात आणि पहिली तपासणी यंत्रच करते. त्यामुळे मापांतली लपवाछपवी कमी झाली आहे. पण रेखाटनात जे दाखवले आहे ते जागेवर आहे का, हे यंत्राला दिसत नाही. समोरचा नारळ किंवा हद्दीवरची जुनी विहीर नकाशात नसेल, तर ती शोधायला माणूसच जावा लागतो.

सर्वप्रथम सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडलेली मोकळी अंतरे, पाहावीत. पुढचे अंतर रस्त्याच्या रुंदीवर ठरते. उंच निवासी इमारतीला बाजूचे आणि मागचे अंतर उंचीच्या एक पंचमांश ठेवावे लागते, म्हणजे ३० मीटर उंचीला सहा मीटर. ही जागा उजेड, वारा आणि बंबासाठी आहे. तिच्यात ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, कचऱ्याचे खत करण्याची टाकी आणि पाहुण्यांच्या गाड्या एकामागून एक कशा घुसवल्या आहेत हे पाहिले, की नकाशा करणाऱ्याची नियत कळते. मोठ्या इमारतीभोवती बंबाला फिरता येईल असा सहा मीटर मोकळा मार्ग हवा, कोपऱ्यांवर वळायला नऊ मीटर त्रिज्या हवी, आणि तळघराच्या छतावरून हा मार्ग जात असेल, तर ते छत बंबाचे वजन पेलण्याजोगे हवे. तळघराची भिंत हद्दीला लागून घेतलेली असेल, तर झाडांना मुळापुरती माती उरत नाही हेही ध्यानात घ्यावे.

त्यानंतर वाहनतळ. मोटारीचा एक गाळा साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असतो. नकाशावर गाळे मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक गाळ्यापर्यंत गाडी खांब चुकवून पोहोचते का, हे बोटाने वाट काढून पाहावे. छाननीत संख्या जुळते आणि राहायला गेल्यावर शेवटच्या चार गाळ्यांत गाडी शिरत नाही, हा प्रकार पुण्यात अपवादाचा नाही.

०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा खेळण्या-फिरण्यासाठी सोडावी लागते. ती एकसंध आणि सहज पोहोचता येईल अशी आहे, की मागच्या कोपऱ्यातला उरलेला त्रिकोण आहे, हे तपासावे. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढील भूखंडांना पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची असून तिचे खड्डे या तक्त्यावर दाखवलेले असतात.

सहावी पायरी: ना हरकत दाखले

सर्वच प्रस्तावांना सर्व दाखले लागत नाहीत. झाड तोडायचे किंवा हलवायचे असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उंच किंवा विशेष वापराच्या इमारतीला अग्निशमन दलाचा तात्पुरता दाखला आधी आणि अंतिम दाखला शेवटी घ्यावा लागतो. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्यामुळे शहराच्या मोठ्या भागात उंचीवर बंधने आहेत. रंगवार नकाशात आपली जागा कोणत्या पट्ट्यात येते हे पाहून मगच मजले ठरवावेत. बांधकामाचे एकूण क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्यावाचून काम सुरू करणे फार महागात पडते. पाणीपुरवठा आणि ड्रेनेज खात्यांचे दाखले किरकोळ वाटतात, पण नव्या भागात वेळ खातात ते हेच.

सातवी पायरी: अर्ज, छाननी आणि शुल्क

अर्ज नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन जातो. इमारत निरीक्षक जागा पाहतो, उपअभियंता आणि कार्यकारी अभियंता तपासणी करतात, मोठे प्रस्ताव शहर अभियंत्यापर्यंत आणि त्याच्याही वर जातात. चुका असल्यास त्रुटीपत्र येते. ते आर्किटेक्टकडे येत असल्याने मालकाला त्याची कल्पनाच नसते आणि ‘फाइल पालिकेत अडकली आहे’ एवढेच त्याच्या कानावर पडते. म्हणून त्रुटीपत्राची प्रत मागून घ्यावी आणि पूर्तता कोणत्या तारखेला झाली ते विचारावे.

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, परंतु प्रस्ताव नियमांना तंतोतंत धरून असेल तरच. एखादे अंतर अर्ध्या फुटाने कमी निघाले, तर त्या मानीव परवानगीवर झालेले बांधकाम अनधिकृत ठरते. माझ्या मते नवख्या माणसाने या तरतुदीच्या भरवशावर खोदाई करू नये. परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते.

छाननी शुल्क, विकास शुल्क, अधिमूल्य, सुरक्षा ठेव आणि बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर असे खर्चाचे स्वरूप असते. अधिमूल्याचा हिशेब वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनरमधील) जमिनीच्या दरावर होतो, त्यामुळे ही रक्कम सर्वांत मोठी असते. स्वतःचे घर बांधणाऱ्याने तिचा अंदाज बांधकामाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरावा.

आठवी पायरी: प्रारंभ प्रमाणपत्रापासून भोगवट्यापर्यंत

मंजुरीनंतर मिळते ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, बोलीभाषेतली ‘सीसी’. तिची मुदत एक वर्षाची असून ती वर्षावर्षाने वाढवता येते, पण ही वाढ तीन वर्षांपलीकडे जात नाही. या मुदतीत निदान जोत्यापर्यंत काम झाले नाही, तर नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत नियम बदलले असतील तर नवे नियम लागू होतात. विकसकाने करायच्या प्रकल्पात ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असतील, तर महारेराकडे, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय विक्रीची जाहिरातही करता येत नाही.

जोते भरले, की जोते तपासणी करून घ्यावी. आखणीतील चूक सुधारता येण्याची ही शेवटची वेळ असते; खांब वर गेल्यावर एक फूट सरकलेली इमारत मागे घेता येत नाही. पुढे नकाशात बदल करायचा असल्यास सुधारित मंजुरी घ्यावी लागते, आणि सदनिका विकल्या गेलेल्या असतील तर रेराच्या कलम १४ नुसार दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ही संमती करारनाम्यातच आधी लिहून घेण्याची प्रथा आहे, तेव्हा सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे आणि त्यावर आक्षेप घ्यावा.

शेजाऱ्याला शंका असेल, तर माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागता येते. तिच्याशी प्रत्यक्ष बांधकाम ताडून, कोणते अंतर किती कमी आहे हे मापासह लिहिलेली तक्रार ‘बेकायदा बांधकाम चालू आहे’ अशा मोघम अर्जापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. विनापरवाना किंवा मंजुरीबाहेरच्या बांधकामाला पालिका नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते काढून टाकण्याची नोटीस देऊ शकते.

काम पूर्ण झाल्यावर आर्किटेक्टच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह अर्ज करून भोगवटा प्रमाणपत्र, बोलीभाषेतली ‘ओसी’, घ्यावे लागते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६३ प्रमाणे त्याआधी राहायला जाता येत नाही. काही मजल्यांपुरते अंशतः भोगवटा प्रमाणपत्र मिळते. ते आपल्या मजल्याचे आहे का, हे चावी घेताना पाहावे, कारण ‘ओसी आली’ हे वाक्य संपूर्ण इमारतीबद्दल असतेच असे नाही. सोसायटीने ताबा घेताना शेवटचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा नकाशा, अग्निशमनाचा अंतिम दाखला आणि पाण्याच्या व ड्रेनेजच्या वाहिन्यांची रेखाटने यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती मागून घ्याव्यात, आणि त्याच दिवशी कमिटीतील दोघांनी भूखंडाचा तक्ता हातात धरून चारही बाजूंची अंतरे फितीने मोजून नोंदवून ठेवावीत.